एअरसॉफ्ट सुरू करताय? आधी घर आणि आठवडा लावून घ्या

आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने खालचा फिल्टर उघडला, तळहातावर काहीतरी ओतून घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. पांढऱ्या, गुळगुळीत, एकसारख्या अठरा गोळ्या. "मुलांच्या माळेतले मणी का?" त्याने विचारलं. आमच्या घरात मुलं नाहीत. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सलग चार खेळांनंतर मी खिसे न तपासता पँट धुवायला टाकली होती.

एअरसॉफ्टमध्ये नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठली गन घेऊ? गनचं नंतर बघू. खेळ महिन्यातून एक-दोन दिवस होतो, छंद मात्र उरलेले सगळे दिवस घरात राहायला येतो. कपाटात, चार्जिंगच्या प्लगवर, झोपेच्या वेळेत, खर्चाच्या वहीत. त्याची सोय आधी लावली तर तो टिकतो. मी लावली नव्हती, म्हणून हे लिहितोय.

अगदीच नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या रेप्लिकामधून ६ मिमीच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या सुटतात, त्यांना सगळे 'बीबी' म्हणतात. खेळ सुरू झाला १९७०च्या दशकातल्या जपानमध्ये. १९९१ साली तोक्यो मारुईने बॅटरीवर चालणारी फामास काढली आणि तिथून पुढे इलेक्ट्रिक गन या खेळाचा कणा झाली. पेंटबॉलसारखा अंगावर रंग उमटत नाही, त्यामुळे गोळी लागली हे ज्याला लागली त्यानेच सांगायचं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१. वस्तू आणण्याआधी घरात बोला

माझं पहिलं खोकं मी कामावर असताना आलं आणि आईने उघडलं. आत फोमच्या खाचेत बसवलेली काळी, जड, हुबेहूब बंदूक. तिने मला फोन केला नाही. खोकं परत बंद करून पलंगाखाली सरकवलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. पुढचे दोन महिने मी जे समजावत बसलो, ते आधी दहा मिनिटांत झालं असतं.

चार गोष्टी स्पष्ट सांगा: त्यातून नेमकं काय सुटतं, ती घरात कुठे राहणार, महिन्यातले किती रविवार जाणार आणि किती पैसे जाणार. शेवटच्या दोन आकड्यांत लपवाछपवी करू नका, कारण ते दोन्ही वाढतात. जमलं तर घरातल्या एकाला मैदानावर नुसतं बघायला न्या. माझ्या आईचं मत माझ्या भाषणाने बदललं नाही. एका पन्नाशीच्या गृहस्थांना झुडपामागून हात वर करून "हिट!" ओरडत बाहेर येताना पाहिलं, तेव्हा बदललं.

शेजाऱ्यांनाही विसरू नका. खिडकीत, गच्चीत, बाल्कनीत गन हातात घ्यायची नाही; साफसफाईसाठी नाही आणि फोटोसाठी तर नाहीच. लांबून बघणाऱ्याला ती खेळण्यातली आहे हे कळायला काही मार्ग नसतो.

२. पहिले तीन खेळ भाड्याच्या सामानावर

नव्याचे नऊ दिवस इथेही असतात. बहुतेक मैदानांवर गन, मास्क आणि गोळ्या भाड्याने मिळतात. तीन वेळा तसंच खेळा. आपल्याला धावपळ आवडते की एका जागी दबा धरून बसणं, खोल्या-खोल्यांतला खेळ आवडतो की जंगलातला, हे तिसऱ्या खेळापर्यंत कळतं. मी आधीच लांब नळीची स्नायपर घेऊन बसलो होतो. आमचं मैदान निघालं बंदिस्त. दर वळणावर नळी माझ्या आधी पोहोचायची आणि मी कुठून येतोय हे सगळ्यांना दाखवायची.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी स्वतःची हवी: घोट्यापर्यंत येणारे बूट. माझ्या ओळखीच्या खेळाडूंत गोळीने जायबंदी झालेला एकही नाही. पाय मुरगळून घरी बसलेले पाच आहेत.

३. डोळ्यांच्या बाबतीत काटकसर नाही

इथे थोडं थांबतो, कारण घाईत चूक होते ती इथेच. साधा चष्मा, गाडीवर वापरायचा गॉगल, पोहण्याचा गॉगल यातलं काहीही चालत नाही. डोळ्यांचं संरक्षण विकत घेताना त्यावरची खूण वाचायला शिका.

युरोपात वर्षानुवर्षे चालत आलेलं मानक म्हणजे ईएन १६६. त्यात ६ मिमीची, किमान ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी काचेवर मारून बघतात. 'एफ' खूण असेल तर ती गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारलेली असते, 'बी' असेल तर १२० मीटर वेगाने. आता गणित करा. 'एफ'ची ऊर्जा येते ०.८७ ज्यूल आणि 'बी'ची ६ ज्यूलच्या थोडी वर. मैदानावरच्या सर्वसाधारण गनची ऊर्जा १ ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे 'एफ'वाला चष्मा त्याच्या कसोटीपेक्षा जास्त मार खाणार. 'बी' घ्या. ही खूण काच आणि फ्रेम या दोन्हींवर असायला हवी, आणि 'बी' दर्जा चष्म्यांना मिळतच नाही, तो चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या गॉगलला मिळतो. त्यामुळे चष्म्यावर 'बी' छापलेलं दिसलं तर विक्रेत्यावरच शंका घ्या. अमेरिकी मानकात झेड ८७ नंतर अधिकचं चिन्ह असेल तरच तो आघातासाठी तपासलेला समजायचा.

पुढचा त्रास वाफेचा. धावून घाम आला की काच आतून धूसर होते आणि हात आपोआप गॉगल वर करायला जातो. अपघात होतो तो याच क्षणी. त्यावर उपाय म्हणजे दुहेरी काच, आतला छोटा पंखा किंवा जाळीचा गॉगल. जाळीवर वाफ धरत नाही, पण हलक्या दर्जाची गोळी फुटली तर तुकडा आत येऊ शकतो, म्हणून मी जाळी फक्त तोंडासाठी वापरतो. दातांसाठी खालचा अर्धा मास्क हवाच. समोरचा दात तुटलेला माणूस मी पाहिला आहे. बिचारा त्या दिवशी नेमका "इतकं काही लागत नाही" असं सांगत होता.

धूसर झाल्यामुळे काहीच दिसत नसेल तर डोळे मिटा, हात वर करा, मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, हाक मारा आणि त्याने सेफ झोनपर्यंत, म्हणजे जिथे गोळ्या झाडायला बंदी असते तिथपर्यंत, नेल्यावरच गॉगल काढा. वाटेत काढायचा नाही.

४. कायदा आणि कागद

कायदा देशागणिक बदलतो, तोही बराच. जपानमध्ये मर्यादा जेमतेम १ ज्यूलपर्यंत. ब्रिटनमध्ये स्वयंचलित रेप्लिकाला १.३ आणि एकेक गोळी झाडणारीला २.५ ज्यूल. अमेरिकेत नळीच्या टोकाला केशरी खूण लागते. तुम्ही राहता तिथे खरेदी, आयात, वय आणि वाहतूक या चारही गोष्टींचे नियम वेगवेगळे तपासा. खरेदीला परवानगी आहे म्हणजे परदेशातून मागवायलाही आहे, असं धरून चालू नका. माझ्या एका मित्राने तसं धरलं होतं. त्याचं पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि पैसेही गेले.

हे कागद एका पाकिटात ठेवा, आणि ते पाकीट गनच्या बॅगेतच राहू द्या:

- वयाचा आणि ओळखीचा पुरावा
- खरेदीची पावती, त्यावर मॉडेलचं नाव असलेली
- क्लबचं किंवा मैदानाचं सदस्यत्व असल्यास त्याची प्रत
- मैदानाने भरून घेतलेलं हमीपत्र, निदान त्याचा फोटो
- रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी

केशरी टोक किंवा कायद्याने दिलेली दुसरी कुठलीही खूण 'खरी वाटत नाही' म्हणून काढू किंवा रंगवू नका. खरी वाटते हाच तर मैदानाबाहेरचा प्रश्न आहे.

५. गन, आणि तिच्यामागून येणारी वरात

हौसेला मोल नसतं असं म्हणणाऱ्याने बॅटरी-चार्जरचं बिल पाहिलेलं नसावं. गनच्या किमतीवरून खर्चाचा अंदाज बांधू नका. तिच्यामागून चार्जर, दोन बॅटऱ्या, चार-पाच मॅगझिन, ती भराभर भरायला स्पीडलोडर, गोळ्या, बॅग, हातमोजे, सिलिकॉन तेल, नळी साफ करायची काडी आणि षटकोनी पान्यांचा संच अशी सगळी वरात येते. त्यानंतर दर खेळाला प्रवेश, गोळ्या आणि प्रवास.

पहिली गन बॅटरीवर चालणारी घ्या. गॅसवर चालणारी हातात झकास वाटते, झाडताना धक्का देते, पण गारठ्यात गॅसचा दाब पडतो आणि पिस्तूल खोकल्यासारखं करून गप्प होतं. स्प्रिंगची दर गोळीला ओढावी लागते. सुरुवातीला इतका व्याप नको.

गोळ्यांचं वजन हा नवख्यांना न दिसणारा खड्डा आहे. भाड्याच्या गनमध्ये बहुधा ०.२० ग्रॅमच्या असतात. बाहेर, वाऱ्यात ०.२५ किंवा ०.२८ ची गोळी सरळ जाते. पण वजन बदललं की हॉप-अप पुन्हा लावावा लागतो. नळीच्या मागच्या टोकाला असलेलं छोटं रबर गोळीला उलटी फिरकी देतं आणि त्या फिरकीने गोळी हवेत तरंगत लांब जाते, त्याला हॉप-अप म्हणतात. गोळी लवकर खाली पडत असेल तर थोडा वाढवा, शेवटी आकाशाकडे उसळत असेल तर कमी करा. एका वेळी चाक अगदी थोडं फिरवायचं आणि पाच गोळ्या मारून बघायच्या.

खेळाआधी क्रोनोवर, म्हणजे वेगमापक यंत्रावर, गोळीचा वेग मोजतात, तिथेही वजन सांगा. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट वेगाने गेली की बरोबर १ ज्यूल होतो. तोच १ ज्यूल ०.२५ च्या गोळीला साधारण २९३ फुटांवरच होतो. मी एकदा जड गोळी भरून ०.२० चा आकडा दाखवत होतो. मुद्दाम नव्हे, पण मार्शलच्या चेहऱ्यावर 'मुद्दाम' हेच लिहिलेलं होतं.

नेम लागत नाही म्हणून आतले सुटे भाग बदलायला धावू नका. नाचता येईना अंगण वाकडं, यातला तो प्रकार. पहिलं वर्षभर चांगल्या गोळ्या, स्वच्छ नळी आणि नीट लावलेला हॉप-अप एवढं पुरतं.

६. घरातली जागा

गन कुलपाच्या कपाटात. मॅगझिन काढलेलं, बॅटरी वेगळी. ठेवण्याआधी मॅगझिन काढून सुरक्षित दिशेला एकेरीवर (एका वेळी एकच गोळी) एक-दोन वेळा झाडा. आत अडकलेली गोळी बाहेर पडते आणि स्प्रिंग सैल होते. गॅसच्या मॅगझिनमध्ये मात्र थोडा गॅस राहू द्या, नाहीतर रबरी सील सुकतात.

गनच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीला घरातल्या बाकी बॅटऱ्यांसारखं वागवू नका. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, ठेवताना साधारण ३.८, आणि ३ च्या खाली कधीच नाही. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा. १३०० एमएएच बॅटरीला १.३ अँपियरपेक्षा जास्त द्यायचं नाही. आगरोधक पिशवीत ठेवून, फरशीवर, तुम्ही जागे आणि घरात असताना चार्ज करा. फुगलेली बॅटरी 'अजून एक खेळ निघेल' म्हणून ठेवू नका. माझ्या घरचा नियम असा की रात्री चार्जिंग बंद. हा नियम बायकोने केला आणि तो बरोबर आहे.

आणखी एक: साधी गन ७.४ व्होल्टवर सुखाने चालते. लोक ११.१ ची लावायला सांगतील. गोळ्या भराभर सुटतात हे खरं, पण आतली दातेरी चाकं त्यासाठी बनवलेली नसतील तर ती लवकरच तुटतात.

७. आठवड्याचं गणित

खेळ रविवारी असेल तर शनिवार संध्याकाळही गेली असं धरा. बॅटऱ्या, बॅग, मॅगझिन भरणं, गॉगलची काच पुसणं. मी सुरुवातीला हे रात्री अकराला काढायचो आणि पहाटे पाचला उठून चिडचिड करायचो. आता गुरुवारी बॅटऱ्या, शुक्रवारी बॅग, शनिवारी रात्री दहाला झोप. मित्रांच्या शनिवारच्या बैठका त्यामुळे सुटल्या, हे खरं आहे. त्याची रुखरुख मला वर्षभर होती.

लग्न, वाढदिवस, परीक्षा, पाहुणे: सगळ्यांना रविवारच लागतो. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन घरच्यांबरोबर बसा आणि त्यांचे रविवार आधी खोडा. उरतील ते तुमचे. याच्या उलट करून पाहिलं आहे, जमत नाही.

दुसऱ्याच महिन्यात दम लागतो हे कळतं. व्यायामाचा उपदेश मी करणार नाही, पण जिन्याने जायला लागलो तो एका उतारावर धापा टाकत बसलो असताना तीन गोळ्या खाल्ल्यापासून.

८. ने-आण

गन बंद बॅगेत, मॅगझिन वेगळं, नळीवर टोपी. गाडीत असेल तर डिकीत. लष्करी छापाचे कपडे घरून घालून निघू नका. मैदानावर बदला, आणि परत येतानाही. वाटेत चहाला थांबलात तर बॅग उघडून कुणाला काही दाखवायचं नाही, समोरचा कितीही उत्सुक असला तरी. पोलिसांनी अडवलंच तर आधी हात दिसतील असे ठेवा, बॅगेत रेप्लिका आहे हे तोंडाने सांगा आणि ती स्वतः बाहेर काढू नका. कागदांचं पाकीट तेव्हाच उपयोगी पडतं.

९. मैदानावर: "हिट" म्हणायला शिका

नियम मैदानावर सांगतातच: सेफ झोनमध्ये मॅगझिन बाहेर, बोट ट्रिगरपासून दूर, अगदी जवळून गोळी मारायची नाही, आंधळेपणाने भिंतीवरून फक्त नळी पुढे काढून झाडायची नाही. ते ऐका.

अवघड आहे ते दुसरंच. पहिल्या महिन्यात एकदा माझ्या पाठीवरच्या बॅगेला काहीतरी टकटक लागलं. फांदी असेल, मी मनाशी म्हटलं. फांदी नव्हती हे मला माहीत होतं. मी पुढे गेलो, दोघांना बाद केलं, आमची बाजू जिंकली. नंतर पाणी पिताना समोरच्या संघातला एक विशीतला मुलगा शेजारी बसला आणि सहज म्हणाला, "दादा, बॅगेला लागलेलं कळत नाही ना बऱ्याचदा." त्याने तक्रार केली नव्हती. मला तिथेच जमिनीत शिरावंसं वाटलं.

तेव्हापासून शंका आली तरी "हिट" म्हणतो, हात वर करतो, लाल फडकं डोक्यावर टाकतो आणि रिस्पॉनला, म्हणजे पुन्हा खेळात उतरायच्या जागेला, चालत जातो. बाद झाल्यावर बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. समोरचा हिट घेत नाही असं वाटलं तर त्याच्यावर ओरडू नका, मार्शलला सांगा. तीस मीटरवरून झाडलेली गोळी लागली असं तुम्हाला वाटतं. ती पानाला लागून वळलेली असू शकते.

१०. परतल्यावर, आणि सोमवारी

दारातच खिसे उलटे करा. बुटांत, मोज्यांत, टोपीच्या कडेत, गुंडाळलेल्या बाह्यांत गोळ्या असतात. मग कपडे बादलीवर झटका आणि त्यानंतरच मशीनमध्ये टाका. नळीतून काडी फिरवा, बॅटऱ्या ठेवणीच्या व्होल्टवर आणा. हे त्याच संध्याकाळी झालं पाहिजे. सोमवारी होत नाही.

सोमवारी अंगावर लाल गोल डाग असतात. माझ्या मानेवरचा एक डाग सगळ्या ऑफिसने पाहिला आणि कुणीच काही विचारलं नाही, जे विचारण्यापेक्षा वाईट होतं. आता मान झाकणारं कापड वापरतो आणि कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगतो. फोटो दाखवायचे असतील तर माणसांचे दाखवा. बंदूक रोखलेला स्वतःचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका.

११. न ठरवता बदलणाऱ्या गोष्टी

कुठल्याही इमारतीत शिरलं की नजर आधी दारं आणि कोपरे मोजते. सिनेमा बघताना "मॅगझिन कधी बदललं याने?" असं तोंडातून जातं आणि शेजारी बसलेले उशी फेकून मारतात. हवामानाचा अंदाज दिवसातून चारदा बघितला जातो. ज्यांच्या नोकरीचा, वयाचा, पगाराचा आपल्याशी काही संबंध नाही अशा माणसांचे नंबर फोनमध्ये जमतात, निम्मे टोपणनावाने. आमच्यातल्या एकाचं खरं नाव मला दीड वर्षाने, त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर कळलं.

आणि चूक झाली की कबूल करायला लागणारा वेळ थोडा कमी होतो. बायकोच्या मते फारच थोडा.

१२. मध्ये खंड पडला तर

पडतोच. बदली, आजारपण, घरातलं बाळ, किंवा नुसता कंटाळा. दोन महिने मैदानावर जाणार नसाल तर बॅटऱ्या ३.८ वर आणून महिन्यातून एकदा तपासा, गोळ्या कोरड्या जागी बंद डब्यात ठेवा, आणि हॉप-अपचं चाक पूर्ण सैल करा, नाहीतर रबर दबून बसतं. परत खेळायला जाण्याआधी गॉगलची काच उजेडात धरून बघा. तडा किंवा खोल ओरखडा असेल तर ती काच टाकून द्या आणि नवी मिळेपर्यंत घरीच थांबा. विकायचं ठरलं तर गन जाईल, पण वापरलेला गॉगल कुणाला विकू नका. आणि विकण्याआधी मॅगझिन उलटं करून हलवा, तळाशी दोन-तीन गोळ्या हमखास निघतात.